हंसराज आणि त्याचे नामबंधू

हंसराज हे नाव प्रथमच कानी पडले, तर एखाद्या आख्यानातील राजपुत्र डोळ्यांपुढे उभा राहावा इतके ते भारदस्त आहे. ज्याला हे नाव मिळाले आहे तो जीव मात्र वीत-दीड वीत लांबीच्या पानांचा, फूल नाही, फळ नाही, बी नाही, असा एक नाजूक नेचा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या परिसरात, आषाढाच्या सरींनी तांबड्या मातीच्या दरडी भिजून ठिबकू लागल्या, म्हणजे त्या दरडींच्या सावलीच्या अंगाने, जुन्या विहिरींच्या बांधकामातील फटींतून आणि ओढ्याकाठच्या खडकांच्या बेचक्यांतून हा हंसराज वर डोकावू लागतो. त्याचा देठ काळाभोर, तारेसारखा बारीक आणि तुकतुकीत असतो. त्या देठाच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्राच्या आकाराच्या पातळ पर्णिका ओळीने लागलेल्या असतात. वाऱ्याची मंद झुळूक आली तरी सबंध झुबका थरथरतो. पावसाचा थेंब पानावर पडला तर तो तेथे पसरत नाही. मोत्यासारखा गोल होऊन घरंगळून जातो.

या लहानशा वनस्पतीच्या नावाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. हकीकत नावाची आहे खरी, पण तिचा संबंध औषधाच्या पुडीशी आणि ती घेणाऱ्या रोग्याशीही आहे, हे पुढे ध्यानात येईल.

प्रथम या वनस्पतीचे जरा निरीक्षण करू. पर्णिकेची कड उलटून पाहिली तर ती खालच्या बाजूस किंचित मुडपलेली दिसते. त्या मुडपीच्या आत तपकिरी रंगाची धूळ साठलेली असते. ती धूळ म्हणजेच नेच्याची बीजुके. वाऱ्याबरोबर ती दूरवर जातात आणि ओलावा मिळेल तेथे रुजतात. परंतु आपला हंसराज केवळ वाऱ्यावर विसंबून राहत नाही. त्याच्या पानाचे टोक पुढे लांबत जाते, वाकून जमिनीला टेकते, आणि जेथे टेकते तेथेच मुळे धरून नवे रोप उभे राहते. त्या रोपाचे पान पुन्हा पुढे वाकते. अशा रीतीने एकाच पावसाळ्यात तो दरडीवरून पावलापावलाने चालत जातो असे म्हटले तरी चालेल. पाऊस सरला, हवा कोरडी झाली, की पाने वाळून झडतात आणि जमिनीतला कंद पुढल्या मृगाची वाट पाहत पडून राहतो.

आता नावांकडे वळू. या एकाच वनस्पतीकडे निरनिराळ्या लोकांनी पाहिले आणि प्रत्येकाला तीत निराळी वस्तू दिसली, ही यातली पहिली मौज. संस्कृत वैद्यकाने तिला हंसपदी म्हटले, म्हणजे त्याला पानात हंसाचे पाऊल दिसले. आपल्या मराठी शेतकऱ्याला त्याच पानात घोड्याची टाप दिसली आणि त्याने घोडखुरी हे नाव ठेवले. राजहंस, हंसराज ही नावे त्याच्याच बोलीत शेजारी नांदत राहिली. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पर्णिका चंद्रकोरीसारखी वाटली म्हणून त्याने ल्युन्युलेटम, म्हणजे लहान चंद्रकोरीचा, असे विशेषण योजिले. इंग्रजांचे लक्ष पानाकडे गेलेच नाही. त्यांना दिसला तो काळा चमकदार देठ, आणि त्यांनी या साऱ्या कुळालाच 'मेडनहेअर', म्हणजे कुमारिकेचे केस, असे नाव दिले. हंस, घोडा, चंद्र आणि कुमारी! ज्याच्या त्याच्या अंगणात जे असेल तेच त्याला रानात दिसावयाचे.

शास्त्रीय नावाची तऱ्हाही काही वेगळी नाही. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या जातीला 'ॲडिएंटम फिलिपेन्स' हे नाव दिले आणि नियमानुसार तेच आज ग्राह्य धरले जाते. त्यामुळे आपल्या दारातील ही वनस्पती शास्त्राच्या दप्तरी मात्र कायमची फिलिपाइन्सची रहिवासी होऊन बसली आहे.

त्यातील 'ॲडिएंटम' हा शब्द ग्रीकांचा आहे. त्याचा अर्थ न भिजणारा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने या वनस्पतीचे वर्णन केले, तेव्हा पाण्यात बुडविली तरी ही ओली होत नाही, याचेच त्याला कौतुक वाटले. त्याच्या परिचयाची जात आपल्या घोडखुरीहून निराळी होती. तिच्या पानाला शाखा आणि उपशाखा असतात, आणि त्यांवर लहान लहान पंख्यांसारख्या पर्णिका झुलतात. भूमध्य समुद्राकाठच्या झऱ्यांच्या चुनखडीवर ती विपुल वाढते. रोमन लोकांनी तिला 'कॅपिलस व्हेनेरिस', म्हणजे व्हीनस देवतेचे केस, म्हटले. काळा देठ केसासारखा दिसतो, त्या अर्थी ही वनस्पती केसांना हितकर असली पाहिजे, असा तेव्हाच्या वैद्यांचा तर्क होता, आणि केस गळण्यावर ती वापरली जाऊ लागली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कॉरिडीस या वैद्याने तिची खोकल्या-दम्याच्या औषधांतही गणना केली. केसांचा तर्क काळाच्या ओघात मागे पडला. खोकल्याचे औषध म्हणून तिची कीर्ती मात्र दीड हजार वर्षांहून अधिक टिकली.

ग्रीकांचे वैद्यक अरबांनी व इराण्यांनी आपलेसे केले, तेव्हा ही वनस्पतीही त्यांच्या ग्रंथांत आली. इब्न सीना याच्या 'कानून' या विख्यात ग्रंथात ती 'परसियावशां' या नावाने आढळते. हे नाव इराणी आहे. फिर्दौसीच्या शाहनाम्यातील निरपराध राजपुत्र सियावश तुराणच्या भूमीवर मारला गेला आणि त्याच्या रक्तातून एक वनस्पती उगवली, अशी इराणची आख्यायिका आहे. या नेच्याच्या नावात त्याच सियावशाची आठवण राहिली आहे. अरबी वैद्यांनी त्याला आणखी एक गोड नाव ठेवले, ते म्हणजे विहिरीची कोथिंबीर. विहिरीच्या ओल्या भिंतीवर वाढणारी आणि कोथिंबिरीसारख्या पानांची वनस्पती इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी वर्णिली असेल असे वाटत नाही.

हकिमांबरोबर हे परसियावशां हिंदुस्थानात आले. सर्दी-पडशावर हकीम जो जोशांदा देतात, त्याच्या घटकांत ते असते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या काष्ठौषधींच्या बाजारात इराणातून येणारा सुका माल विकला जात असे. उत्तरेकडे हिमालयाच्या उतारावरील तिसरीच एक जात, 'ॲडिएंटम व्हेनुस्टम', याच कामी येई. आणि या मालाला देशी गिऱ्हाईक काय म्हणे? हंसराज! येथपासून आपल्या गोष्टीतला घोटाळा सुरू होतो.

तो नीट समजण्यासाठी आपल्या जुन्या वैद्यकाकडे वळले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा दहा औषधींचे गट सांगितले आहेत. त्यांतील 'कण्ठ्य', म्हणजे गळ्याला हितकर, अशा गटात सारिवा, ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्ष, रिंगणी यांच्या पंक्तीला हंसपादी बसलेली आहे. सुश्रुतानेही विदारिगंधादि गणात तिचे नाव घेतले आहे. ग्रीकांनी छातीसाठी आणि आपल्या आचार्यांनी कंठासाठी, अशी एकाच कुळातील वनस्पती परस्परांना न विचारता निवडली असेल, तर ती मोठीच लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल. पण हा 'तर' फार महत्त्वाचा आहे. कारण संहितेत नाव आहे, चित्र नाही. हंसाच्या पावलासारखी दिसणारी वनस्पती या जगात एकच थोडी आहे!

आणि तसेच घडले आहे. तेलुगू मुलखात हंसपादी म्हणून जी दाखवितात, ती सुकलेल्या तळ्यांच्या व भातखाचरांच्या जमिनीवर पसरणारी, बारीक पांढऱ्या फुलांची 'कोल्डेनिया' ही वनस्पती होय. आणखी काही ठिकाणी त्याच नावाने त्रिदलांची रानमेथी ओळखली जाते. तिची तीन इवली पाने एका ठिकाणाहून फुटतात, त्यामुळे पाखराच्या पावलाची उपमा तिलाही शोभते. एक नेचा, एक फुलझाड आणि एक शेंगांच्या कुळातील गवताळ रोप. तिघांचे परस्परांशी काही नाते नाही, पण निघंटूच्या पानावर ती तिन्ही एकाच आसनावर बसतात. मयूरशिखेचेही असेच आहे. खडकाच्या भेगेत वाढणारा, चिमुकल्या ताडाच्या पंख्यासारखा दिसणारा एक नेचा मयूरशिखा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि दसऱ्याच्या सुमारास बागेत फुलणाऱ्या तांबड्या कोंबड्यालाही काहीजण तेच नाव देतात. संस्कृत नावे बहुधा विशेषणेच असतात, आणि विशेषण जेथे लागू पडेल तेथे जाऊन बसते.

आता नंदगडला या गोष्टीत एवढा मान का, असे कोणी विचारील. बेळगावच्या दक्षिणेस सुमारे २३ मैलांवर वसलेले हे गाव आज अनेकांना ठाऊक आहे ते क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णामुळे. कित्तूरच्या राणी चन्नम्मेच्या या निष्ठावंत सेवकाने याच रानांच्या आश्रयाने इंग्रजांशी झुंज दिली आणि २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगड येथे फाशी देण्यात आले. गावाजवळचा पडका किल्ला कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांनी १८०९ च्या सुमारास बांधलेला. परंतु इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी या गावाची नोंद घेतली ती मुख्यतः पेठ म्हणून. गोव्याकडून सुपारी, नारळ, खोबरेल, खजूर आणि मीठ यावे, देशावरून गहू आणि इतर धान्य जावे, आणि दोहोंची अदलाबदल नंदगडच्या बाजारात व्हावी, असा तो व्यवहार होता. ज्या पेठेत देशावरचा शेतकरी, कोकणी बोलणारा घाटाखालचा व्यापारी आणि कानडी मुलखातला गाडीवान एकाच ओट्यावर बसत, तेथे वस्तूंबरोबर नावांचीही अदलाबदल होणारच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत नंदगडचे नाव वारंवार आले, त्यामागेही हे बहुभाषिक वास्तव आहे. पण तो आजचा विषय नव्हे.

अशा गावाचे वैशिष्ट्य असे, की हंसराज तेथे दोन्ही अंगांनी भेटतो. गावाबाहेरच्या दरडीवर तो हिरवा, फुकट आणि डोळ्यांदेखत वाढत असतो. आणि कोणत्याही पेठेतील काष्ठौषध्यांच्या दुकानात तो वाळलेल्या जुडीच्या रूपाने, दूरदेशीचा प्रवास करून आलेला असतो. दोघांचे नाव एक. वनस्पती मात्र एकच असेल असे नाही.

नावांच्या या गुंत्यातून वाट काढण्याचा एक फार सुंदर प्रयत्न आपल्याच किनाऱ्यावर झाला होता. सतराव्या शतकात हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड हा डच अधिकारी मलबारचा कारभार पाहत असे. त्याने त्या प्रांतातील वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. या कामी त्याला इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने साहाय्य केले, आणि त्याचबरोबर कोचीत राहणाऱ्या तिघा कोकणी ब्राह्मण वैद्यांनी. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ही त्यांची नावे. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातील होते. आपण सांगितलेली माहिती खरी असल्याची ग्वाही या तिघांनी १६७५ साली आपल्या भाषेत, नागरी लिपीत लिहून दिली, आणि ती जशीच्या तशी पहिल्या खंडात छापलेली आहे. छापखान्यात उमटलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. नंदगडच्या बाजारात सुपारी-नारळ घेऊन येणारे घाटाखालचे लोक जी कोकणी बोलत, तिच्याच वळणाची ती भाषा.

ग्वाहीपेक्षाही महत्त्वाची आहे ती या ग्रंथाची पद्धत. झाडाची ताजी फांदी समोर ठेवावी, चित्रकाराने तिचे पूर्ण आकाराचे चित्र काढावे, आणि त्याच चित्रावर तिची स्थानिक नावे मल्याळी, अरबी, नागरी आणि रोमन अक्षरांत लिहावीत, असा तो क्रम होता. नाव आणि वस्तू यांची गाठ अशी एकदा मारली, की मग हंसपदी कोणती यावर वाद घालावा लागत नाही. चित्र पाहिले की झाले. ग्रंथाच्या शेवटच्या खंडात नेच्यांचीही चित्रे आहेत. त्यांत ओकच्या पानासारख्या पानांचा, झाडांना बिलगून वाढणारा तो मोठा नेचाही आहे. त्याला आपण बाशिंग म्हणतो. झाडाच्या खोडावर तो खरोखरच नवरदेवाच्या कपाळी बाशिंग बांधल्यासारखा दिसतो. ज्याने हे नाव ठेवले त्याला दाद दिली पाहिजे.

पुढे इंग्रजांच्या काळात वनस्पतींच्या याद्या झाल्या, पण नेच्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला विख्यात ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात मोडत असे. त्या ग्रंथात फुले येणाऱ्या वनस्पतींनाच प्रवेश आहे. बिचाऱ्या नेच्यांना फूल नसल्यामुळे ते उंबरठ्याबाहेरच राहिले. दक्षिण हिंदुस्थानातील नेच्यांची सचित्र पुस्तके कर्नल बेडम याने १८६३ पासून काढली होती. परंतु मुंबई इलाख्यापुरते स्वतंत्र पुस्तक होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी द'आल्मेडा यांनी ते लिहिले. आपल्या भागातील हंसराजाच्या जाती वेगळ्या ओळखाव्या कशा, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने आजही ते पुस्तक पाहावे.

युरोपात याच सुमारास हंसराजाच्या भाऊबंदांचे जे काही चालले होते, ते ऐकले तर हसू येईल. फ्रान्समधील माँपेलिए हे वैद्यकाचे जुने पीठ. तेथल्या परिसरातील 'व्हीनसच्या केसां'चा काढा साखरेच्या पाकात घालून त्याचे सरबत करीत. 'कापिलेर' या नावाने ते युरोपभर खपू लागले. प्रथम ते खोकल्याचे औषध होते. पुढे कॉफीगृहात बसून मौजेने पिण्याचे पेय झाले. आणि अखेर त्यात साखर आणि नारिंगाच्या फुलांचे पाणी तेवढे उरले, नेचा नाहीसा झाला, तरी नाव कापिलेरच राहिले. वस्तू गेली आणि नाव मागे राहिले! आपल्याकडे एका नावाखाली तीन वस्तू होत्या, तिकडे नावाखाली वस्तूच उरली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात नेचे जमविण्याचे तर वेडच पसरले. चार्ल्स किंग्सली या लेखकाने १८५५ साली त्या वेडाला 'टेरिडोमेनिया' असे भारदस्त नाव दिले. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टराने शोधून काढलेली काचेची बंद पेटी या वेडाच्या मुळाशी होती. पेटीतला ओलावा पेटीतच फिरत राही, त्यामुळे लंडनच्या धुरातही नाजूक नेचे जगत. त्याच पेट्यांतून पुढे चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली. गोरे अधिकारी आपल्या छावण्यांत आले तेव्हा नेच्यांचा शौकही बरोबर घेऊन आले, आणि बंगल्यांच्या व्हरांड्यात कुंड्यांतून 'मेडनहेअर' झुलू लागले. रानात तोच पायाखाली येत होता याकडे फारसे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही. फुलांच्या गुच्छात नेच्याची पाने खोवण्याची चालही तेव्हाचीच. आज फुलवाला ज्याला 'फर्न' म्हणून गुच्छात बांधतो, ते बहुधा नेच्याचे पान नसतेच. ती आपल्या शतावरीची आफ्रिकेतील बहीण आहे. तिला फुले येतात, फळे धरतात. पण दिसावयास नेच्यासारखी नाजूक, म्हणून नाव फर्न.

नामबंधूंच्या या मेळाव्यातला सर्वांत थोर सदस्य मात्र एक वृक्ष आहे. एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य डच कंपनीच्या चाकरीत १६९० ते १६९२ पर्यंत जपानमध्ये होता. तेथील देवळांच्या आवारांत त्याने एक उंच वृक्ष पाहिला. त्याची पाने पंख्यासारखी, मध्ये किंचित चिरलेली, आणि शिरा देठापासून फुटून दुभंगत कडेपर्यंत गेलेल्या होत्या, अगदी व्हीनसच्या केसांच्या पर्णिकेसारख्या. १७१२ साली त्याने आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि १७७१ साली लिनीअसने त्याला 'गिंक्गो बायलोबा' हे नाव दिले. इंग्रजांनी पानाचे साम्य पाहून त्याला 'मेडनहेअर ट्री' म्हटले. या वृक्षाचे सारे जवळचे आप्त कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले. खडकांत त्यांच्या पानांचे ठसे सापडतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा स्फोटाच्या टापूतील काही गिंक्गो वृक्ष जळाले. पण त्यांना पुन्हा पालवी फुटली आणि ते आजही उभे आहेत. आमच्या दरडीवरच्या हंसराजाशी या महावृक्षाचे नाते एका पानाच्या आकारापुरतेच आहे. तेवढ्यावर नाव चिकटले आणि ते सुटले नाही.

वृक्षाला नेच्याचे नाव मिळाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण औषधाचे तसे नाही. स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारने आयुर्वेदीय औषधींचा प्रमाणग्रंथ खंडशः तयार केला. २००१ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या खंडात हंसपदीला स्थान आहे, आणि ती म्हणजे आपली घोडखुरी, अर्धचंद्राच्या पर्णिकांची, असे तेथे ठरविले आहे. इकडे युनानी पद्धतीत परसियावशां म्हणजे 'व्हीनसचे केस', ही परंपरा कायम आहे. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत. अडचण एवढीच, की बाजारात या दोहोंनाही आणि हिमालयातील तिसऱ्या जातीलाही हंसराज म्हणतात. वैद्याने चिठ्ठीवर हंसराज लिहिले आणि दुकानदाराने हंसराजच दिला, तर दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नसतो. तरीही रोग्याच्या काढ्यात भलतीच जात पडू शकते. हकिमाच्या गिऱ्हाइकावरही उलट बाजूने तोच प्रसंग येतो. आणि कोणत्या जातीचा गुण कितपत आहे हे तपासावयाचे, तर प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी हातातली जुडी कोणाची आहे हे ठाऊक असले पाहिजे.

या दृष्टीने बेळगावचे भाग्य थोर म्हणावयाचे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे एक केंद्र तेथे २००६ साली स्थापन झाले आणि पारंपरिक औषधींची राष्ट्रीय संस्था म्हणून ते आज काम करीत आहे. सह्याद्रीतील औषधी वनस्पतींचा अभ्यास हा तिचा विषय आहे. खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले, त्यामुळे मलप्रभा आणि म्हादई यांच्या उगमाकडील ओली जंगले काही प्रमाणात सुरक्षित झाली. विहिरींचे मात्र तसे नाही. नळाचे पाणी आले, विहीर पडली किंवा तिला सिमेंटचा गिलावा झाला, की दगडांतील फट बुजते, आणि विहिरीची कोथिंबीर म्हणून ज्याची ओळख होती त्या जातीला उभे राहण्यास जागा उरत नाही. दरडीवरचा हंसराज त्या मानाने सुखी आहे. त्याला ओल्या मातीचा उभा काप आणि थोडी सावली पुरते.

व्हॅन ऱ्हीडने केले तेच काम आज गावोगाव, छोट्या प्रमाणावर, सहज होऊ शकेल. श्रावणात पाने पूर्ण वाढलेली असतात, भाद्रपदात कडेची बीजुके तपकिरी होतात. त्या वेळी मुळासकट एक रोप उपटावे, जाड कागदात दाबून वाळवावे आणि त्याच कागदावर ते कोणत्या गावी, कोणत्या दरडीवर मिळाले, मराठीत त्याला काय म्हणतात, कानडीत काय म्हणतात, कोकणीत काय म्हणतात, हे लिहून ठेवावे. नंदगडसारख्या गावी या तिन्ही भाषा बोलणारी माणसे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. शाळेच्या मुलांकडून हे काम करून घेतले तर ती आनंदाने करतील, यात मला शंका वाटत नाही.

रोप हिरवे असेतोवर ओळख पटविणे मुळीच अवघड नाही. पान साधे, एकाच ओळीत अर्धचंद्राकृती पर्णिका, आणि टोक लांबून जमिनीत मूळ धरणारे, तर ती घोडखुरी. पानाला शाखोपशाखा, पर्णिका लहान पंख्यासारख्या, आणि टोकाला मूळ फुटत नाही, तर ते व्हीनसचे केस. पण दुकानात येणारा माल सुका आणि बहुधा चुरडलेला असतो. पर्णिका झडून पुड्याच्या तळाशी त्यांची भुकटी झालेली असते आणि वर उरतात ते नुसते काळे, चकचकीत, केसासारखे देठ. ते सर्व जातींचे सारखेच दिसतात.